नव्या डेबियनची वाट बघताना स्वतःचा कर्नल: कसा बनवायचा, कसा सांभाळायचा, कधी काढायचा

डेबियन १३, म्हणजे डेबियन लिनक्सची ट्रिक्सी ही आवृत्ती, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली ती ६.१२ हा कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टमचा गाभा) घेऊन. तिच्या मुख्य रेपॉझिटरीत शेवटपर्यंत ६.१२ च राहणार. दुरुस्त्या येतील, शेवटचा आकडा वाढत जाईल, पण त्यापुढची मालिका तिथे येणार नाही. तुमच्या नव्या लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा किंवा ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर ६.१२ नंतर कर्नलमध्ये आला असेल, तर फोर्कीची, म्हणजे डेबियन १४ ची, वाट बघा किंवा नवा कर्नल स्वतः आणा. इथे दुसरी वाट धरली आहे. उदाहरण म्हणून ट्रिक्सीवर ६.१८ बनवू. मशीन नेहमीचं ६४ बिट इंटेल किंवा एएमडीचं.

कमांडी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. कॉपी-पेस्ट होणार नाही, आणि कर्नलच्या बाबतीत ते बरंच आहे.

आधी कॅलेंडर बघा

डेबियन तारीख आधी जाहीर करून बांधून घेत नाही, पण फ्रीझच्या, म्हणजे रिलीजआधी बदल थांबवण्याच्या, टप्प्यांवरून अंदाज नीट येतो. ट्रिक्सीचा पहिला फ्रीझ १५ मार्च २०२५ ला लागला, सॉफ्ट फ्रीझ १५ एप्रिलला, हार्ड फ्रीझ १५ मे रोजी आणि पूर्ण फ्रीझ २७ जुलैला. त्यानंतर दोन आठवड्यांत रिलीज. त्याआधीची बुकवर्म १० जून २०२३ ला आणि बुल्सआय १४ ऑगस्ट २०२१ ला आली होती. साधारण दोन वर्षांचं चक्र आहे.

कर्नल कोणता येणार याचाही ठोकताळा आहे. बुल्सआयमध्ये ५.१० होता, तो डिसेंबर २०२० चा. बुकवर्मचा ६.१ डिसेंबर २०२२ चा, ट्रिक्सीचा ६.१२ नोव्हेंबर २०२४ चा. तिन्ही वेळा आदल्या वर्षाच्या शेवटी आलेला लाँगटर्म, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा, कर्नल उचलला गेला. हीच रीत राहिली तर नोव्हेंबर २०२५ अखेरीस आलेला ६.१८ फोर्कीत नसेल, त्याच्या पुढचा लाँगटर्म असेल. तरी मधल्या काळासाठी ६.१८ सोयीचा, कारण तोही लाँगटर्म आहे. साध्या मालिकेची देखभाल पुढची मालिका आली की काही आठवड्यांत थांबते, आणि नवी मालिका दर नऊ-दहा आठवड्यांनी येतेच. हौसेने सर्वांत ताजा कर्नल घेतलात तर वर्षातून पाच वेळा हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

बॅकपोर्ट्समध्ये मिळत असेल तर तिथूनच घ्या

नुसतं नवं हार्डवेअर चालवायचं असेल तर बनवायची गरज बहुतेक नसतेच. सोर्सेसमध्ये ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स (नव्या आवृत्त्यांची पॅकेजेस ट्रिक्सीसाठी देणारी रेपॉझिटरी) जोडा, एपीटी अपडेट करा आणि मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल -टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स लिनक्स-इमेज-एएमडी६४

हा कर्नल डेबियनच्या सहीचा असल्याने सिक्युअर बूटला (मान्य सही असलेलाच कर्नल सुरू होऊ देणाऱ्या सोयीला) चालतो आणि एपीटी तो अद्ययावतही ठेवतं. सोबत फर्मवेअरचं पॅकेजही बॅकपोर्ट्समधून घ्या. ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर जुनं अशी जोडी असेल तर वायफाय उठत नाही, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, फर्मवेअर लोड झालं नाही अशी ओळ दिसते. बिचाऱ्या कर्नलवर उगाच ठपका येतो. उबुंटूच्या एलटीएसवर हेच काम एचडब्ल्यूई कर्नल करतो.

स्वतः बनवायची खरी कारणं तीन: एखादा पॅच घालायचा आहे, डेबियनने बंद ठेवलेला पर्याय हवा आहे, किंवा कुठल्या बदलाने काय मोडलं ते शोधायचं आहे. "आपल्या प्रोसेसरसाठी बनवला की मशीन पळेल" ही आशा सोडा. रोजच्या वापरात फरक जाणवणार नाही.

जागा, मेमरी आणि पॅकेजेस

डेबियनचं पूर्ण कॉन्फिग डीबग माहितीसकट बिल्ड केलं तर २५-३० जीबी मोकळी जागा हाताशी ठेवा. डीबग माहिती काढली तर याच्या काही अंशात भागतं. मेमरी ८ जीबी असेल तर निभावतं, पण शेवटी व्हीएमलिनक्स, म्हणजे अख्ख्या कर्नलची फाइल, जोडताना आणि बीटीएफ (कर्नलमधल्या डेटा-रचनांची माहिती) तयार होताना मेमरी एकदम चढते. तिथे बिल्ड नुसतं "किल्ड" म्हणून मेलं तर कंपायलरमध्ये चूक शोधत बसू नका. समांतर कामांची संख्या निम्मी करा किंवा स्वॅप वाढवा.

बिल्ड /टीएमपी मध्ये करू नका. ट्रिक्सीपासून /टीएमपी हे टीएमपीएफएस असतं, म्हणजे मेमरीतच राहतं, आणि अर्ध्या रॅमपर्यंत फुगतं. कर्नल तिथे उघडला की मशीन गुदमरतं. होम डिरेक्टरीत एक फोल्डर करा. /यूएसआर/एसआरसी चीही गरज नाही आणि रूट होण्याचीही नाही. रूट लागतो फक्त पॅकेज बसवताना.

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल बीसी बायसन फ्लेक्स आरसिंक केमॉड डेबहेल्पर पायथन३ लिबएनकर्सेस-डेव्ह लिबएसएसएल-डेव्ह लिबेल्फ-डेव्ह लिबडीडब्ल्यू-डेव्ह ड्वार्व्ह्ज

ड्वार्व्ह्जमध्ये पाहोल हे साधन येतं. पाहोल नसेल तर ६.१८ च्या कॉन्फिगमधून बीटीएफ मुकाट्याने बंद होतं. एखादं पॅकेज राहिलंच तर पॅकेज बनवणारी पायरी त्याचं नाव घेऊन तक्रार करते, ते बसवा आणि पुन्हा चालवा.

कंपायलरची एक अडचण जाणून असा. ट्रिक्सीत जीसीसी १४ आहे, त्यावर ६.१८ विनातक्रार बनतो. जीसीसी १५ मात्र सी भाषेचं २३ सालचं प्रमाण गृहीत धरतो, त्यात ट्रू आणि फॉल्स हे राखीव शब्द झाले आहेत. म्हणून नव्या डिस्ट्रोवर बसून जुना कर्नल बनवायला गेलात की "फॉल्स" शब्दावरूनच त्रुटी येते. उपाय म्हणजे जुना जीसीसी बसवून "मेक सीसी=जीसीसी-१४" असं सांगणं.

सोर्स आणि त्याची सही

कर्नल डॉट ऑर्ग वरून लिनक्स-६.१८ मालिकेतली सर्वांत ताजी .टार.एक्सझेड फाइल आणि तिची .टार.साइन फाइल उतरवा. सही दाबलेल्या फाइलवर नसते, आतल्या .टार वर असते. थेट .एक्सझेड तपासली की "बॅड सिग्नेचर" येतं आणि माणूस घाबरतो. आधी "अनएक्सझेड -के" ने उघडा, मग .टार वर "जीपीजी --व्हेरिफाय" चालवा. किल्ल्या आणायला "जीपीजी --लोकेट-कीज" ला टोरवाल्ड्स आणि ग्रेगकेएच यांचे कर्नल डॉट ऑर्गचे पत्ते द्या. मालिकेतल्या दुरुस्त्यांवर स्टेबल शाखेच्या देखभालकर्त्याची सही असते.

पूर्ण टार पुन्हा उतरवायचा नसेल तर पॅच वापरता येतो, पण ६.१८.५ चा पॅच ६.१८.४ वर बसत नाही, मूळ ६.१८ वर बसतो. एका दुरुस्तीवरून पुढच्या दुरुस्तीवर नेणारे पॅच "इंक्र" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. कित्येकांचे "हंक फेल्ड" इथूनच येतात.

हा मूळ कर्नल आहे, डेबियनचा नाही, हे ध्यानात असू द्या. डेबियन आपले काही पॅच घालतं. उदाहरणार्थ, सामान्य वापरकर्त्याला नेमस्पेस बनवू द्यायचं की नाही हे ठरवणारा "अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन" हा सिसकंट्रोल, म्हणजे कर्नलची सेटिंग, डेबियनचाच. तो तुमच्या /ईटीसी मध्ये लिहिलेला असेल तर नव्या कर्नलवर बूट होताना "अशी फाइल नाही" असं ऐकावं लागेल. बिघडत काही नाही, पण त्या ओळीवर सुरक्षेसाठी भरवसा ठेवला असेल तर तो आता उरला नाही.

कॉन्फिग: सगळा खेळ इथे आहे

शून्यापासून कॉन्फिग करू नका. चालू कर्नलचं उचला:

सीपी /बूट/कॉन्फिग-$(यूनेम -आर) .कॉन्फिग
मेक लिस्टन्यूकॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

दुसरी ओळ ६.१२ नंतर आलेले नवे पर्याय नुसते दाखवते. यादी लांब असते, तरी एकदा नजर फिरवा. तुम्हाला हव्या त्या चिपचा ड्रायव्हर त्यातच असेल आणि त्याचं डीफॉल्ट बहुधा "नाही" असेल. तिसरी ओळ सगळ्या नव्या पर्यायांना डीफॉल्ट उत्तर देऊन टाकते. ज्या ड्रायव्हरसाठी एवढा खटाटोप, तोच बंद राहिलेला कर्नल घेऊन बसणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांनी दुसरी ओळ गाळलेली असते. मेनूकॉन्फिगमध्ये तिरकी रेघ दाबून नाव शोधा आणि पर्यायासमोर "एम" करा, म्हणजे तो मॉड्यूल, गरजेप्रमाणे लोड होणारा कर्नलचा भाग, म्हणून बनेल.

मग दोन गोष्टी तपासा. पहिली, सिस्टम_ट्रस्टेड_कीज. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये इथे डिस्ट्रोच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा रस्ता असू शकतो, आणि ती फाइल तुमच्याकडे नसते. मग बिल्ड बराच वेळ चालून "नो रूल टू मेक टार्गेट" म्हणून थांबतं, पुढे .पीईएम फाइलचं नाव असतं. उबुंटूवर हे हमखास होतं, तिथे सिस्टम_रिव्होकेशन_कीज मध्येही तसाच रस्ता असतो. दोन्ही रिकामे करा:

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टम_ट्रस्टेड_कीज ""
स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --सेट-एसटीआर सिस्टम_रिव्होकेशन_कीज ""

दुसरी, डीबग माहिती. मेनूकॉन्फिगमध्ये कर्नल हॅकिंग, त्यात कंपाइल-टाइम चेक्स, त्यात डीबग इन्फर्मेशन, तिथे "डिसेबल" निवडा. जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. किंमत एवढीच की बीटीएफही जातं, आणि त्यावर विसंबणारी, कर्नलच्या आत डोकावणारी बीपीएफची साधनं चालत नाहीत. ती वापरत असाल तर डीबग माहिती राहू द्या आणि डिस्कची सोय करा.

आता लोकलमॉडकॉन्फिग. "मेक लोकलमॉडकॉन्फिग" या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स बघतं आणि बाकीची कॉन्फिगमधून काढून टाकतं. मोठ्या बिल्डला तासभर लागत असेल तिथे काम दहा-पंधरा मिनिटांवर येतं. पण त्या क्षणी जे जोडलेलं नव्हतं ते गेलं. चार दिवसांनी पेनड्राइव्ह लावता आणि एफएटीची कोडपेज सापडत नाही, प्रिंटर दिसत नाही, डॉकर नेटवर्क उभं करत नाही, फोन यूएसबीने इंटरनेट देत नाही. म्हणून आधी घरातलं सगळं एकदा जोडा: पेनड्राइव्ह माउंट करा, वेबकॅम उघडा, ब्लूटूथ हेडफोन लावा, व्हीपीएन सुरू करा, व्हर्च्युअल मशीन चालवा. मॉड्यूल एकदा लोड झालं की बहुधा राहतं. त्याउपर काही फोल्डर राखूनच ठेवायला सांगता येतं:

मेक एलएमसी_कीप="ड्रायव्हर्स/यूएसबी:ड्रायव्हर्स/एचआयडी:एफएस:नेट" लोकलमॉडकॉन्फिग

पहिल्या खेपेला मात्र लोकलमॉडकॉन्फिग न वापरता पूर्ण बिल्ड करावं असं आमचं मत. वेळ जातो, पण बिघाड झाला तर शोधायच्या जागा कमी राहतात.

बिल्ड

मेक -जे$(एनप्रॉक) लोकलव्हर्जन=-घरचा बिंडेब-पीकेजी

लोकलव्हर्जनमधलं नाव रोमन लहान अक्षरांत द्या, पॅकेजच्या नावात ते येणार आहे. ते वगळू नका. याच नावाने मॉड्यूल्सचं फोल्डर वेगळं होतं आणि ग्रबच्या, म्हणजे बूटलोडरच्या, यादीत तुमचा कर्नल ओळखू येतो. "मेक डेब-पीकेजी" नको, ते सोर्सचं पॅकेजही बनवत बसतं. आणि "मेक इन्स्टॉल" तर नकोच, त्याने टाकलेल्या फाइल्स एपीटीच्या हिशेबात येत नाहीत आणि नंतर हाताने वेचाव्या लागतात.

आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर पूर्ण कॉन्फिगला तास-दीड तास धरा. मे महिन्यात पंख्याखाली ठेवा, तापलं की प्रोसेसर वेग उतरवतो आणि वेळ दुप्पट होतो. मध्येच वीज गेली तर तीच कमांड पुन्हा द्या, मेक झालेलं काम ओळखून पुढे जातं. अचानक बंद पडताना एखादी .ओ फाइल शून्य बाइटची राहू शकते, मग जोडणीत "फाइल फॉरमॅट" ची त्रुटी येते. अशी फाइल पुसा आणि परत चालवा. "मेक एमआरप्रॉपर" च्या वाटेला जाऊ नका, त्यात .कॉन्फिगही जातं. तसंही .कॉन्फिगची प्रत बाहेर ठेवलेली बरी.

पॅकेजेस सोर्सच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये पडतात: लिनक्स-इमेज, लिनक्स-हेडर्स, लिनक्स-लिबसी-डेव्ह, आणि डीबग ठेवलं असेल तर -डीबीजी. पहिली दोनच बसवा. लिबसी-डेव्हची आवृत्ती डेबियनच्या पॅकेजपेक्षा वरची असते, ती बसली की पुढे एपीटी अवलंबित्वाचा घोळ घालतं. हेडर्समध्ये इथेच कंपाइल झालेली छोटी साधनंही असतात. म्हणून नव्या डिस्ट्रोवर बनवून जुन्यावर बसवलं तर डीकेएमएस (कर्नलबाहेरची मॉड्यूल्स बनवणारं साधन) "जीएलआयबीसी सापडत नाही" म्हणून पडतं. ज्या आवृत्तीवर वापरायचं तिथेच बनवा.

बसवताना आणि बूट होताना

बसवण्याआधी "डीएफ -एच /बूट" बघा. ट्रिक्सीच्या रिलीज नोट्स वेगळ्या /बूट साठी किमान ७६८ एमबीचं पार्टिशन आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी जागा सुचवतात. जुन्या इन्स्टॉलेशनवर ते बरंच लहान असू शकतं, आणि इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) लिहितानाच जागा संपते. अर्धवट इनिटआरडी राहिली की पुढचं बूट अडतं. जुने कर्नल काढा, किंवा इनिटरॅमएफएसच्या कॉन्फमध्ये "मॉड्यूल्स=मोस्ट" चं "मॉड्यूल्स=डेप" करा. डेपमध्ये फक्त याच मशीनला लागणारे ड्रायव्हर जातात.

ग्रब सर्वांत वरचा आकडा आधी निवडतो, म्हणजे ६.१८ लगेच डीफॉल्ट होईल. पहिल्या खेपेला ते नको. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये "ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड" करा, अपडेट-ग्रब चालवा, "ग्रब-सेट-डीफॉल्ट" ने डेबियनचा कर्नल ठरवा आणि "ग्रब-रीबूट" ने नवा फक्त एका बूटपुरता निवडा. दूरच्या सर्व्हरवर करत असाल तर कर्नलच्या पॅरामीटर्समध्ये "पॅनिक=१०" घाला. नवा कर्नल पॅनिक झाला तर दहा सेकंदांत मशीन स्वतः जुन्यावर परत येतं. /बूट बीटीआरएफएस किंवा एलव्हीएमवर असेल तर ग्रबला आपली नोंद पुसता येत नाही आणि ही एकवेळची सोय बिनभरवशाची ठरते.

बूट अडलं तर पडद्यावरची ओळ नीट वाचा. "अननोन-ब्लॉक(०,०)" आलं तर बहुतेक इनिटआरडीच नाही किंवा अर्धवट आहे, "अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के" ने ती पुन्हा बनवा. "अलर्ट! यूयूआयडी … डज नॉट एक्झिस्ट" म्हणून इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये पडलात तर इनिटआरडी आहे, पण डिस्कचा ड्रायव्हर किंवा डीएम-क्रिप्ट त्यात नाही. लोकलमॉडकॉन्फिग वापरलं असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रब "बॅड शिम सिग्नेचर" म्हणतो आणि पाठोपाठ "यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट". ओपनएसएसएलने स्वतःची किल्ली बनवा, "मोकयूटिल --इम्पोर्ट" ने नोंदवा, रीबूटला येणाऱ्या निळ्या पडद्यावर तिला मान्यता द्या आणि "एसबीसाइन" ने व्हीएमलिनझ फाइलवर सही करा. डीकेएमएसची किंवा उबुंटूने आपोआप बनवलेली किल्ली इथे वापरू नका. उबुंटूची ती किल्ली फक्त मॉड्यूल्ससाठी राखीव असते आणि शिम (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) तिने सही केलेला कर्नल नाकारतो. सही प्रत्येक नव्या बिल्डला पुन्हा करावी लागते.

उठल्यावर "डीमेसेज --लेव्हल=एरर,वॉर्न", "सिस्टमकंट्रोल --फेल्ड" आणि "डीकेएमएस स्टेटस" बघा. एन्व्हिडिया, व्हर्च्युअलबॉक्स, झेडएफएस यांची मॉड्यूल्स कर्नलच्या बाहेर वाढतात आणि नव्या कर्नलला मागाहून जुळवून घेतात. रूट झेडएफएसवर असेल तर ओपनझेडएफएसची तुमच्याकडची आवृत्ती कुठल्या कर्नलपर्यंत चालते ते बिल्डच्या आधी वाचा, नंतर नाही. लॅपटॉप झोपवून उठवून बघा. सगळ्यात जास्त गोष्टी तिथे मोडतात.

सुरक्षा दुरुस्त्या आता तुमच्याकडे

याकडे हमखास दुर्लक्ष होतं. एपीटी ६.१२ च्या दुरुस्त्या आणून बसवत राहील, "सगळं अद्ययावत" म्हणेल, आणि तुम्ही मात्र दोन महिन्यांपूर्वीचा ६.१८ चालवत असाल. स्टेबल शाखेत दुरुस्ती साधारण दर आठवड्याला येते. प्रत्येक वेळी धावायला नको, पण महिन्यातून एकदा नवा सोर्स, जुनं .कॉन्फिग, ओल्डडेफकॉन्फिग आणि बिल्ड एवढं ठरवूनच टाका. गिटमधून स्टेबलची शाखा ठेवली असेल तर बदललेल्याच फाइल्स पुन्हा कंपाइल होतात.

६.१२ वर चालणारं काही ६.१८ वर मोडलं तर गिट बायसेक्टने, म्हणजे संशयित बदलांची यादी दर बिल्डला निम्मी करत, दोषी बदल शोधता येतो. दर मालिकेत तेरा-चौदा हजार बदल येतात, म्हणजे एका मालिकेच्या अंतरात सुमारे चौदा बिल्ड. सहा मालिकांचं अंतर असलं तरी सतराच्या आत आटोपतं. त्यामुळे मधल्या आवृत्त्या हाताने बनवून अंतर कमी करत बसण्यात अर्थ नाही. इथे मात्र लोकलमॉडकॉन्फिग न वापरणं म्हणजे स्वतःवर अन्याय.

फोर्की आली की

अपग्रेड आपल्या कर्नलवरून करू नका. आधी डेबियनच्या कर्नलवर बूट करा आणि "डीपीकेजी -एल" मध्ये लिनक्स-इमेज-एएमडी६४ हे पॅकेज आहे ना ते बघा. स्वतःचा कर्नल बसवल्यावर जागेसाठी ते काढून टाकणारे बरेच असतात. ते नसेल तर अपग्रेडमध्ये नवा कर्नल येतच नाही, सगळी सिस्टम फोर्कीची आणि कर्नल ट्रिक्सीचा अशी अवस्था होते.

मग "एपीटी पर्ज" ने -घरचा नावाची इमेज आणि हेडर्स काढा. ती हाताने बसवलेली असल्याने ऑटोरिमूव्ह त्यांना कधीच हात लावत नाही. बॅकपोर्ट्सची ओळ बंद करा. सोर्सेसमध्ये "स्टेबल" लिहिलं असेल तर अपग्रेडच्या आधीच कधीतरी त्या जागी "ट्रिक्सी" करून ठेवा, नाहीतर रिलीजच्या दिवशी साधं अपडेट करताना अर्धी फोर्की अंगावर येईल. पुढे नेहमीचा क्रम: नाव बदला, "एपीटी अपडेट", "एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीज", मग "एपीटी फुल-अपग्रेड".

ग्रबमध्ये "सेव्ह्ड" ठेवलं होतं ते परत शून्य करून अपडेट-ग्रब चालवा, नाहीतर तो काढून टाकलेल्या कर्नलची नोंद शोधत राहील. पर्ज करताना "फोल्डर रिकामं नाही" असा इशारा आला तर /लिब/मॉड्यूल्समध्ये डीकेएमएसने बनवलेली मॉड्यूल्स मागे राहिली आहेत. -घरचा नावाचं ते फोल्डर हाताने पुसून टाका, पण त्याआधी "यूनेम -आर" करून आपण त्याच कर्नलवर बसलेलो नाही ना हे बघा.